एक हजार तीनशे नव्वदावा

२४ जुलै २०१६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्याशा गावात बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये दोन खेळाडू दाखल झाले. एक केन ग्रिफी ज्युनिअर, दुसरा माइक पियाझा. १९८७च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी नाव पुकारलं गेलं ते ग्रिफीचं. पुढच्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पियाझाचं नाव आलं ६२व्या फेरीत, १३९०व्या क्रमांकावर. ड्राफ्टमधला पहिला खेळाडू त्याआधी कधी हॉल ऑफ फेमपर्यंत पोहोचला नव्हता, आणि पियाझाइतक्या खालून निवडला गेलेलाही कुणी नाही. त्या दिवशी दोघं एकाच मंचावर होते.

ड्राफ्ट म्हणजे आपल्याकडच्या आयपीएलसारखा लिलाव नव्हे. इथे बोली लागत नाही. क्लब एकेक करून शाळा-कॉलेजातल्या पोरांची नावं घेतात आणि ज्यानं नाव घेतलं त्याच्याशीच करार करायचा. पोराला आवडनिवड नाही. ही पद्धत १९६५पासूनची. आणि नाव आलं म्हणून कुणी थेट मोठ्या मैदानात उतरत नाही. ग्रिफीसुद्धा आधी बेलिंगहॅम, सॅन बर्नार्डिनो आणि व्हरमाँट या ठिकाणी माइनर लीगमध्ये (सर्वोच्च ‘मेजर लीग’च्या खालच्या पायऱ्या) खेळला आणि १९८९च्या एप्रिलमध्ये, एकोणिसाव्या वर्षी, वर आला. पियाझाला त्यासाठी चोविसावं वर्ष उजाडावं लागलं.

तळातून आलेला पोरगा, कुणी विचारत नव्हतं, जिद्दीनं वर चढला, अशीच त्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी सांगितली जाते. ती खोटी नाही. फक्त तिच्या सुरुवातीला एक शब्द गाळलेला असतो: वशिला.

माइकचे वडील विन्स पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनचे. सिसिलीहून आलेल्या इटालियन कुटुंबातले, शाळा अर्धवट सोडलेले, जुन्या मोटारींच्या धंद्यातून गडगंज झालेले. त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त टॉमी लसोर्डा हा लॉस एंजेलिस डॉजर्सचा मॅनेजर. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे प्रशिक्षकच. डाव कसा खेळायचा, कोणाला बसवायचं, हे तोच ठरवतो. विन्सनी मुलासाठी घराच्या अंगणात फलंदाजीच्या सरावाचा पिंजरा उभारला होता. माइक सोळा वर्षांचा असताना टेड विल्यम्स त्या अंगणात येऊन त्याचा सराव पाहून गेले. विल्यम्स म्हणजे १९४१च्या मोसमात .४०६ची सरासरी राखणारे, म्हणजे दहापैकी चार वेळा ‘हिट’ मारणारे, फटका मारून सुखरूप बेस (धावताना गाठायचा टप्पा) गाठणारे. त्यानंतर नॅशनल किंवा अमेरिकन या दोन मोठ्या लीगमध्ये मोसमभर .४००च्या वर कुणी टिकलेलं नाही. अंगणात विल्यम्स येण्यासाठी अंगण कुणाचं आहे हेही महत्त्वाचं असतं, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

तरीही स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे, फिरकले नाहीत. पियाझा पहिल्या बेसवर उभा राहायचा, पळायला मंद होता, आणि त्या जागेसाठी धिप्पाड फटकेबाज पैशाला पासरी मिळतात. मायामी विद्यापीठात त्याला फारसं खेळायला मिळालं नाही, म्हणून तो मायामी-डेड या कम्युनिटी कॉलेजात गेला. डॉजर्सनी ६२व्या फेरीत त्याचं नाव घेतलं ते लसोर्डानं शब्द टाकला म्हणून, मित्राचं मन राखायला. मग लसोर्डानंच डॉजर स्टेडियमवर त्याची चाचणी घडवून आणली. पोरानं चेंडू प्रेक्षकांच्या खुर्च्यांत भिरकावले. स्काउटिंगचे प्रमुख बेन वेड मात्र बधेनात. पहिल्या बेसवाला कशाला हवा? तेव्हा लसोर्डानं विचारलं, असं मारणारा कॅचर आणला असता तर? वेड म्हणाले, घेतला असता. मग हा कॅचर आहे, असं सांगून लसोर्डा मोकळे झाले. पंधरा हजार डॉलर बोनसवर सही झाली.

अडचण एवढीच होती की त्याला कॅचिंग येत नव्हतं.

कॅचर म्हणजे यष्टीरक्षक असं म्हटलं तर अर्धंच सांगून होतं. तो फलंदाजाच्या पाठीमागे उकिडवा बसतो, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासचे चेंडू अंगावर घेतो, पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे चेंडू टाकणाऱ्याला सुचवतो, आणि कुणी बेस चोरायला धावलं की तिथूनच उठून थेट दुसऱ्या बेसवर फेक करतो. गुडघे लवकर जातात. म्हणून चांगला मारणारा कॅचर दुर्मीळ. क्रिकेटमध्येही गिलख्रिस्टच्या आधी यष्टीरक्षकानं थोड्याफार धावा केल्या तरी चालून जायचं, तसंच हे.

हे सगळं शिकायला पियाझा गेला डोमिनिकन रिपब्लिकमध्ये. सांतो दोमिंगोजवळ डॉजर्सची ‘काम्पो लास पाल्मास’ नावाची अकादमी होती, १९८७मध्ये उघडलेली. लॅटिन अमेरिकेतल्या गरीब पोरांना हेरून तिथे तयार करत आणि त्यातली मोजकी अमेरिकेत पाठवत. उलट्या दिशेनं तिथे गेलेला पहिला अमेरिकन पियाझा. भोवती सगळे स्पॅनिश बोलणारे, आणि हा लक्षाधीशाचा मुलगा रोज उकिडवा बसून मातीत उसळणारे चेंडू छातीवर झेलतोय. त्याच्या गोष्टीतला हा भाग मला सगळ्यात खरा वाटतो. कुणाच्या ओळखीनं ते चेंडू हळू येत नव्हते.

पियाझाला पुढे जी शिडी चढायची होती ती बांधली ब्रँच रिकी या माणसानं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावोगावचे छोटे क्लब स्वतंत्र होते. चांगला खेळाडू सापडला की ते तो मोठ्या क्लबला विकत आणि त्यावर गुजराण करत. रिकी चालवत असलेला सेंट लुइस कार्डिनल्स कंगाल. न्यूयॉर्कच्या पैशापुढे त्याची बोली टिकेना. मग रिकीनं हिशेब उलटा मांडला. तयार पीक परवडत नसेल तर शेत आपलंच घ्यावं. पहिल्या महायुद्धानंतर फोर्ट स्मिथ, ह्यूस्टन अशा क्लबांत त्यानं भागीदारी घेतली. पुढच्या वीस वर्षांत कार्डिनल्सच्या ताब्यात तीसहून अधिक क्लब आले. या व्यवस्थेचं नावच पडलं ‘फार्म सिस्टिम’. शेकडो पोरं पेरायची, चारदोन उगवली तरी खर्च निघाला. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न तेव्हाही होता. बेसबॉलचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांना हा साठेबाजीचा प्रकार मुळीच पसंत नव्हता. १९३८मध्ये त्यांनी कार्डिनल्सच्या सत्तरहून अधिक माइनर खेळाडूंना एका फटक्यात मोकळं केलं.

रिकी पुढे ब्रुकलिन डॉजर्समध्ये गेला आणि याच शिडीचा त्यानं वेगळाच उपयोग केला. मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना मज्जाव होता. जॅकी रॉबिन्सनला त्यानं १९४६चं अख्खं वर्ष माँट्रियल रॉयल्स या माइनर क्लबात ठेवलं. पहिल्याच सामन्यात, जर्सी सिटीत, रॉबिन्सननं चार हिट मारले, त्यात एक होम रन (चेंडू थेट भिंतीपार, आपल्या षटकारासारखा). मोसमाअखेर सरासरी .३४९, लीगमध्ये सर्वांत वरची. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिनकडून उतरला. पुढच्याच वर्षी डॉजर्सनी फ्लोरिडातल्या व्हेरो बीच इथे नौदलाच्या जुन्या तळावर सरावाचं गाव वसवलं, तेही रिकीच्याच काळात. बेचाळीस वर्षांनी पियाझा तिथल्या संघात होता.

१९४९मध्ये देशात ५९ माइनर लीग होत्या. मग घरोघरी टीव्ही आला, मोठे सामने दिवाणखान्यात दिसू लागले आणि गावातलं मैदान ओस पडलं. १९६३मध्ये बी, सी, डी हे खालचे वर्ग मोडीत काढून ए, त्यावर डबल-ए, सगळ्यात वर ट्रिपल-ए अशी उतरंड केली गेली. मोठ्या क्लबाच्या पदरी असल्यामुळेच उरलेले तगले.

आता पियाझाच्या पायऱ्या. १९८९ला ओरेगनमधलं सेलम: ५७ सामने, सरासरी .२६८. १९९०ला व्हेरो बीच: .२५०, होम रन सहा. बाकावर बसवलं म्हणून वैतागून तो मध्येच संघ सोडून निघूनही गेला होता, परत आला. १३९०व्या क्रमांकाच्या दुसऱ्या एखाद्या पोराला परत येऊ दिलं असतं का, शंका आहे.

१९९१ला कॅलिफोर्नियातलं बेकर्सफील्ड, आणि तिथे अचानक २९ होम रन. हे मैदान मजेशीर होतं. १९४१मध्ये बांधताना त्याचं तोंड पश्चिमेला ठेवलं गेलं, त्यामुळे संध्याकाळी मावळता सूर्य थेट फलंदाजाच्या डोळ्यांत. सामने उन्हं उतरेपर्यंत थांबवून ठेवत. समोरची भिंतही जेमतेम ३५४ फुटांवर, जिथे साधारणपणे ती चारशेच्या आसपास असते. म्हणजे त्या २९मधले काही भिंतीच्या कृपेचे म्हणायला हवेत. पण पुढच्या वर्षी सॅन अँटोनियोत डबल-एच्या ३१ सामन्यांत .३७७ आणि अल्बुकर्कीत ट्रिपल-एच्या ९४ सामन्यांत .३४१! दहापैकी तीन वेळा हिट मारणारा इथे उत्तम गणला जातो. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर, विरळ हवेत चेंडू लांब जातो, हे खरंच. तरी आता कुणी भिंतीकडे बोट दाखवत नव्हतं. १ सप्टेंबर १९९२ रोजी शिकागोच्या रिग्ली फील्डवर तो डॉजर्सकडून पहिल्यांदा उतरला. तीनपैकी तीन हिट.

१९९३मध्ये .३१८, ३५ होम रन, एकमतानं वर्षातला सर्वोत्तम नवखा. पुढची कारकीर्द सर्वज्ञात आहे. कॅचर म्हणून त्यानं मारलेले ३९६ होम रन हा आजही विक्रम आहे.

मुलगा वर येत होता त्याच १९९२ साली वडील सॅन फ्रान्सिस्को जायंट्स हा क्लब विकत घेऊ पाहणाऱ्या गटात होते. बेसबॉलनं त्यांना नाकारलं, ते कोर्टात गेले, शेवटी तडजोड झाली. हे सांगायचं कारण पगाराशी जोडलेलं आहे. माइनर खेळाडूला पैसे मिळत ते फक्त मोसमापुरते. हिवाळ्यात गोदामात नाहीतर दुकानात राबायचं आणि वेळ उरला तर सराव. २०१८मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा करून त्यांचा ओव्हरटाइमचा हक्कच काढून घेतला. २०२२मध्ये जुन्या वेतनाच्या दाव्यात मेजर लीगला १८ कोटी ५० लाख डॉलर मोजावे लागले, त्याच वर्षी खेळाडूंनी युनियन केली आणि २०२३मध्ये पहिला करार झाला. डबल-एतला वर्षाचा किमान पगार १३,८०० डॉलरवरून ३०,२५० वर गेला. पियाझाच्या काळी हे काही नव्हतं, पण लक्षाधीश बापाच्या पोराला हिवाळ्यात गोदाम गाठायची वेळ येणार नव्हती. वशिल्यानं त्याला आत घेतलं हे सगळे हसत सांगतात. चार वर्षं तिथे टिकून राहायलाही घरचा पैसा लागतो, ते कुणी सांगत नाही.

आपल्याकडचे दोघं याच शिडीवर होते. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल (हा रिंकू म्हणजे कोलकात्याचा षटकारवाला नव्हे) एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि नोव्हेंबर २००८मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. २००९च्या जुलैत फ्लोरिडातल्या सगळ्यात खालच्या लीगमध्ये दोघांनी पहिला सामना खेळला. दिनेशला २०१०च्या अखेरीस सोडून दिलं. रिंकू २०११पर्यंत वेस्ट व्हर्जिनियाच्या संघात, सिंगल-एपर्यंत, पोहोचला. मग कोपरानं दगा दिला आणि काही वर्षांनी त्यानं व्यावसायिक कुस्तीचा रस्ता धरला. चेंडू हातात धरायचा कसा इथपासून सुरुवात केलेल्यांसाठी ही मजल लहान नाही. पियाझाच्या शिडीवर हिशेब केला तर ती बेकर्सफील्डच्याही अलीकडची.

बेकर्सफील्डचा क्लब २०१६च्या मोसमानंतर बंद पडला. व्हेरो बीच डॉजर्सनी २००८मध्ये सोडलं आणि ते ॲरिझोनाला गेले. २०२१मध्ये माइनर लीगची फेररचना झाली, चाळीसएक गावांचे क्लब उतरंडीतून बाहेर पडले आणि उरले १२०, प्रत्येक मोठ्या क्लबाला चार. ड्राफ्ट आता वीसच फेऱ्यांचा असतो. जेमतेम सहाशे-साडेसहाशे नावं घेतली की संपतो.