बंद पडलेल्या आकाशपाळण्याचं काय होतं?

युक्रेनमधल्या प्रिप्यात शहरातला पिवळ्या पाळण्यांचा आकाशपाळणा बहुतेकांनी फोटोत तरी पाहिलेला असतो. तिथलं मनोरंजन उद्यान 1 मे 1986 ला सुरू व्हायचं होतं. 26 एप्रिलला चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळं शहर रिकामं करावं लागलं. बर्लिनचं श्प्रेपार्क, जपानमधलं नारा ड्रीमलँड, न्यू ऑर्लिन्सचं सिक्स फ्लॅग्ज हीदेखील अशाच फोटोंमधून जगभर पोहोचलेली बंद उद्यानांची नावं. वेली, गंज आणि जागच्या जागी उभी यंत्रं पाहून काळ तिथे थांबल्यासारखा वाटतो. यंत्रांच्या बाबतीत मात्र हे अजिबात खरं नाही. त्यांचे काही भाग चालू असताना जितके झिजत नाहीत, तितके नुसते उभे राहून खराब होतात.

बेअरिंगचंच पाहा. आकाशपाळण्याचा सगळा भार मधल्या शाफ्टवर, म्हणजे आडव्या दांड्यावर, आणि त्याच्या दोन टोकांच्या बेअरिंगवर असतो. चाक फिरतं तेव्हा आतले रोलर जागा बदलत राहतात, ग्रीस नव्याने पसरतं आणि भार सगळीकडे वाटला जातो. चाक थांबलं की तेच ठरावीक रोलर बेअरिंगच्या कडीच्या त्याच ठरावीक जागांवर दाबून बसतात. त्यात वाऱ्याने चाक किंचित डुलतं. रोलर केसभर पुढे, केसभर मागे सरकतो. एवढ्याशा हालचालीने तिथलं ग्रीस बाजूला सारलं जातं, पण परत यायला पुरेशी जागा मिळत नाही. मग धातूवर धातू घासतो, तांबूस भुकटी तयार होते आणि कडीवर रोलरच्या अंतराने खाचा पडतात. याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. 1930 च्या दशकात डेट्रॉइटहून रेल्वेने दूर पाठवलेल्या कोऱ्या मोटारींमध्ये हा दोष ठळकपणे समोर आला होता. एक मैलही न चाललेल्या गाड्यांची चाकांची बेअरिंग प्रवासातल्या हादऱ्यांनी खराब होऊन पोहोचत होती.

उपाय साधा आहे, पण त्यासाठी माणूस लागतो. बंद ठेवलेलं यंत्र ठरावीक दिवसांनी हळू फिरवायचं, फिरत असताना ताजं ग्रीस भरायचं आणि थांबवताना आधीपेक्षा वेगळ्या जागी थांबवायचं. ग्रीस बदलताना जुनं कुठल्या जातीचं होतं ते पाहावं लागतं. लिथियम साबणाने घट्ट केलेल्या ग्रीसमध्ये न जुळणारं पॉलियुरियाचं ग्रीस मिसळलं तर मिश्रण पातळ होऊन गळून जाऊ शकतं. जुनं यंत्र पुन्हा सुरू करणारे पुष्कळ लोक घाईत इथेच चुकतात.

लोखंडी सांगाड्याची कथा संथ आहे आणि बरीचशी आकड्यांत सांगता येते. मध्यम दमट, शहरी हवेत उघडं पोलाद पहिल्या वर्षात साधारण 25 ते 50 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) झिजतं. समुद्रकाठच्या खारट हवेत हाच आकडा 80 ते 200 पर्यंत जातो. जाड पोलादावर गरम जस्तात बुडवून चढवलेला मुलामा सरासरी 85 मायक्रॉनचा असतो आणि पहिल्या प्रकारच्या हवेत तो वर्षाला फार तर दोन मायक्रॉन कमी होतो. म्हणून मुलामा दिलेले खांब निगराणीशिवायही काही दशकं तग धरतात आणि नुसते रंगवलेले खांब रंगाला पहिली चीर पडली की खराब व्हायला लागतात.

खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. रोलर कोस्टरचे बरेच खांब पोकळ नळ्यांचे असतात. बोल्टच्या भोकातून किंवा वरच्या झाकणातून पाणी आत जातं. ते बाहेर पडावं म्हणून तळाशी ठेवलेलं छिद्र पालापाचोळ्याने बुजतं आणि खांब आतून, खालून गंजत जातो. थंड प्रदेशात आतलं पाणी गोठून नळी चक्क उभी फाटते. म्हणून तपासणी करणारे वरचा रंग पाहून समाधान मानत नाहीत. खांबाचा जमिनीलगतचा फूटभर भाग साफ करून अल्ट्रासाउंडने भिंतीची जाडी मोजतात. दोन पट्ट्या जिथे बोल्टने जोडलेल्या असतात तिथे आणखी एक खोड असते. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे मधल्या फटीत साचलेला गंज जाड पट्ट्याही वाकवतो आणि बोल्ट ताणून तोडतो. वरून रंगाचा हात मारला की हे सगळं झाकलं जातं आणि आत चालूच राहतं.

न्यू ऑर्लिन्सच्या उद्यानात ऑगस्ट 2005 मध्ये कतरीना वादळाचं मचूळ पाणी शिरलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं. यंत्रांच्या मोटारी, ब्रेक, विजेच्या पेट्या सगळं त्याखाली होतं. पाणी ओसरलं तरी क्लोराइड क्षार सांध्यांत आणि वायरिंगमध्ये राहतात आणि हवेतला ओलावा ओढून घेत गंज चालू ठेवतात. तिथलं एक मोठं रोलर कोस्टर मात्र वाचलं, कारण त्याचं स्टेशन उंच चौथऱ्यावर होतं. ते उतरवून टेक्ससला नेलं आणि 2008 मध्ये ते नव्या नावाने पुन्हा धावू लागलं.

लाकूड जास्त नाजूक, असा सर्वसाधारण समज असतो. मला तो अर्धाच बरोबर वाटतो. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांखाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. ती बळावते ती पाणी मुरून राहतं तिथे: फळीच्या कापलेल्या टोकांत, बोल्टच्या भोकांत, दोन फळ्यांच्या आडव्या सांध्यात. लाकडी कोस्टरचा मार्ग एकावर एक ठोकलेल्या सात-आठ थरांच्या फळ्यांचा असतो आणि त्यावर पोलादाची पट्टी असते. गाडी गेली की सगळा सांगाडा लवतो, बोल्ट ढिले होतात. म्हणून रोज सकाळी सुतार हातात हातोडी आणि पाना घेऊन अख्खा मार्ग पायी चालतात. अशा कोस्टरच्या फळ्या चालू असतानाच थोड्या थोड्या करून बदलत राहायच्या असतात. त्यामुळे वर्षानुवर्षं बंद राहिलेलं लाकडी कोस्टरही परत उभं करता येतं. पेनसिल्व्हेनियातलं 1902 चं लीप-द-डिप्स 1985 मध्ये बंद पडलं आणि 1999 मध्ये पुन्हा धावलं. इंग्लंडमधल्या मार्गेटची 1920 ची सीनिक रेल्वे, हेही लाकडी कोस्टरच, 2008 मध्ये आगीत सापडली आणि 2015 मध्ये लोकांना तिच्यात परत बसता आलं. दोन्हीकडे मूळ रचना समजून घेणारे सुतार लागले. नारा ड्रीमलँडच्या आस्का या लाकडी कोस्टरला ते भाग्य लाभलं नाही. उद्यान 2006 मध्ये मिटलं, दहा वर्षं तसंच पडून राहिलं आणि मग पाडून टाकलं गेलं.

फायबरग्लासच्या गाड्या आणि प्राणी यांचा रंग सर्वांत आधी जातो. वरचा रंगीत थर अतिनील किरणांनी खडूसारखा भुरभुरीत होतो, बारीक जाळीदार चिरा पडतात आणि खाली काचेचे धागे उघडे होतात. अशा पृष्ठभागाला उघडा हात लावू नये, धागे कातडीत शिरतात.

एवढं होऊनही ही ठिकाणं लोकांना ओढ का लावतात? साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी पुढे आयुष्यभर जास्त संख्येने आणि जास्त ठळक परत येतात, हे स्मृतीच्या अभ्यासात पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. उद्यानातल्या भेटी बहुधा त्याच वयातल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावरच्या. त्यात भीती आणि आनंद एकत्र. अशा उत्तेजित क्षणी स्रवणारी रसायनं अमिग्डाला या मेंदूतल्या भावनांशी जोडलेल्या भागामार्फत आठवण पक्की करतात. वासाचा तर मेंदूशी जवळचा रस्ता आहे. इतर संवेदना थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या टप्प्यातून पुढे जातात, वासाचे संकेत मात्र तो टप्पा न घेता अमिग्डालापर्यंत आणि आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या लगतच्या भागापर्यंत जातात. बंपर गाड्यांच्या मांडवात येणारा तो उग्र वास छताच्या जाळीवर घासणाऱ्या दांड्याच्या ठिणग्यांमधून तयार होणाऱ्या ओझोनचा असतो. वर्षांनंतर तसाच वास कुठे आला, की मांडव आठवतो, गाडीचा धक्का आठवतो आणि शेजारी कोण बसलं होतं तेही आठवतं. 1688 मध्ये योहानेस होफर या तरुण वैद्याने घरापासून दूर असताना लागणाऱ्या घराच्या ओढीला नॉस्टॅल्जिया हे नाव देऊन आजार मानलं होतं. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 पासूनच्या प्रयोगांत गतकाळाच्या ओढीबद्दल उलट दिसलं. एकटेपणात ही ओढ जागी होते आणि आपण माणसांशी जोडलेले आहोत ही भावना वाढवते.

गंजलेल्या सांगाड्याच्या फोटोत यातलं जवळजवळ काहीच येत नाही, म्हणून जुन्या यंत्रांची नोंद ठेवणाऱ्यांनी आवाजापासून सुरुवात करावी असं मला ठामपणे वाटतं. कोस्टरच्या चढावरचा तो खट-खट-खट आवाज साखळीचा नसतो. गाडीखाली एक आखूड पोलादी जिभली असते. ती मार्गातल्या दातेरी पट्टीवरून सरकताना प्रत्येक दातामागे पडते. साखळी तुटली तर गाडी जास्तीत जास्त एका दाताइतकी मागे येईल, एवढंच तिचं काम. काही नव्या कोस्टरवर ही जिभली चुंबकाने उचलून धरलेली असते, त्यामुळे चढ जवळजवळ नि:शब्द झाला आहे. जिथे जुनी यंत्रणा अजून चालते तिथे हा आवाज स्टेशनजवळून, चढाखालून आणि गाडीतून असा वेगवेगळा ध्वनिमुद्रित करावा. दातांमधलं अंतर आणि चढावरचा वेग मोजून शेजारी लिहावा.

मेरी-गो-राउंडच्या लाकडी घोड्याची नोंद रंगापासून घेतात. ब्रिटनमध्ये हे चक्र घड्याळाच्या दिशेने फिरतं, अमेरिकेत उलट. त्यामुळे बाहेरची, जास्त नक्षीची बाजू ब्रिटिश घोड्याची डावी आणि अमेरिकन घोड्याची उजवी. दर काही वर्षांनी वरूनच रंग दिलेला असल्याने अंगावर वीस-वीस थर सापडू शकतात. पोटाखाली, सहसा न दिसणाऱ्या जागी, सेंटिमीटरभर रुंदीच्या पायऱ्या करत धारदार पात्याने एकेक थर उतरवतात, लाकूड लागेपर्यंत. प्रत्येक पायरीचा भिंगाखाली फोटो घेतात आणि रंग प्रमाणित रंगपट्टीशी ताडून लिहून ठेवतात. जुन्या थरांत शिसं असण्याची शक्यता मोठी, म्हणून कोरडी सँडपेपर वापरत नाहीत. पृष्ठभाग ओला ठेवतात, मास्क लावतात आणि निघालेला चुरा झाडून न टाकता ओल्या कापडाने टिपून बंद पिशवीत भरतात.