देव माणूस का झाला? किनाऱ्यावरच्या नाताळ गोठ्यामागची पार्श्वभूमी

वसईच्या वाड्यांमध्ये डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की गोठे उभे राहू लागतात. भाताची झोडणी आटोपलेली असते, त्यामुळे पेंढ्याला तोटा नसतो. बांबूचा सांगाडा, वर माडाची झापं, आत मेंढपाळ, गाय, गाढव, मरिया आणि योसेफ. सगळे आपापल्या जागी बसतात. रिकामी राहते ती मधली गव्हाणी. बाळ तिथं येतं ते चोवीस तारखेच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला. तोवर चार रविवारांचा आगमनकाळ चालू असतो आणि बहुतेक घरांत तो करंज्या, रंगरंगोटी आणि आकाशकंदिलाच्या गडबडीत निघून जातो. मला मात्र लहानपणापासून ती रिकामी गव्हाणीच अधिक बोलकी वाटत आली आहे. कुणाची तरी वाट पाहणं चाललंय हे तिच्यावरून कळतं. आणि मग तो कशासाठी येणार, हा प्रश्न आपोआप पडतो.

शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या जीवनकथेत, या प्रश्नाचं उत्तर जन्माच्या आधीच दिलेलं आहे, तेही एका नावात. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात देवदूत योसेफाला स्वप्नात सांगतो की बाळाचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. ‘येशू’ हे हिब्रू ‘येशुआ’चं रूप, अर्थ, परमेश्वर तारतो. बारशाच्या आधीच बाळाचं काम ठरलेलं. लगेच पुढच्या ओळींत मत्तय यशया संदेष्ट्याचं वचन आठवतो आणि दुसरं नाव देतो: इम्मानुएल, आम्हांबरोबर देव. ही दोन्ही नावं एका दमात वाचायला हवीत. पहिलं नाव काय करायचं ते सांगतं, दुसरं कसं करायचं ते. हा देव लांबून हुकूम सोडत नाही, सोबत येऊन राहतो.

‘तारणे’ हा शब्द किनाऱ्यावरच्या माणसाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. ‘तर’ म्हणजे खाडी ओलांडायची होडी. पूल झाले, फेरीबोटी आल्या, पण शब्द टिकून आहे. तरीवाल्याला आधी तुमच्या काठाला यावं लागतं. पैलतीरावर उभं राहून नुसत्या हाका मारल्याने कुणी पार होत नाही. याच शब्दाचं दुसरं रूप कर्ज काढलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पैसे उचलताना जमीन किंवा दागिना ठेवतात, ते तारण. दिलेल्या शब्दावर विश्वास बसावा म्हणून हाती सोपवलेली खरी वस्तू. बायबलच्या जुन्या करारात शतकानुशतकं दिलेल्या शब्दाला बेथलेहेमात असं उचलून कडेवर घेता येणारं तारण मिळालं, असं मला वाटतं. हा अर्थ माझा, पंडितांचा नव्हे. पण मराठीत प्रार्थना करणाऱ्याच्या मनात तो आल्यावाचून राहत नाही.

तो शब्द फार मागे दिलेला आहे. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात, आदाम आणि हव्वेच्या हातून आज्ञा मोडल्यानंतर लगेच, देव सर्पाला बजावतो की स्त्रीचं संतान तुझं डोकं फोडील. ख्रिस्ती परंपरेने ही सुवार्तेची पहिली चाहूल मानली. पुढे अब्राहामाला वचन मिळतं की तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. दाविदाला राजवंशाचं वचन मिळतं. मीखा संदेष्टा तर गावाचं नावही घेतो: लहानशा बेथलेहेम एफ्राथातून इस्राएलाचा शास्ता निघेल. मत्तय आपलं शुभवर्तमान वंशावळीने सुरू करतो ते यासाठीच. ती यादी वाचताना लोक कंटाळतात, पण तीत येशूच्या आईशिवाय चार स्त्रिया आहेत: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. राहाब यरीहोची वेश्या, रूथ मवाबी, आणि उरीयाच्या बायकोच्या मागे दाविदाचंच पाप उभं आहे. वंशावळ शोभिवंत करायची असती तर ही नावं गाळता आली असती. मत्तयाने ती ठेवली. ज्यांना तारायचं, त्यांच्याच रक्ताच्या नात्यात तो जन्मला.

लूक हा दुसरा शुभवर्तमानकार गोष्ट दुसऱ्या टोकाने धरतो. रोमचा सम्राट औगुस्त प्रजेची नोंद करायला फर्मान काढतो आणि त्या फर्मानामुळे नासरेथचं एक जोडपं दाविदाच्या गावी पोचतं. सत्ता आपला हिशेब करत असते आणि तिच्या नकळत संदेष्ट्याचं वचन पुरं होत असतं. मरिया बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवते, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. इथे मूळ ग्रीक शब्द ‘काताल्युमा’ आहे. लूकने हाच शब्द शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरला आहे, तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातल्या धर्मशाळेसाठी वेगळा. म्हणून अनेक अभ्यासक ‘काताल्युमा’ म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली असं समजतात. त्या प्रदेशातल्या साध्या घरांत रात्री जनावरं घराच्याच खालच्या भागात बांधत, आणि गव्हाणी तिथेच असे. ज्यांच्या आजोळी पडवीला लागून गोठा होता, रात्री गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकत झोप लागत होती, त्यांना हे चित्र परकं नाही. बाळ गावाबाहेर टाकलेलं नव्हतं. भरलेल्या घरात, गुरांच्या उबेत त्याला जागा मिळाली.

लूक ‘गव्हाणी’ हा शब्द एकाच अध्यायात तीनदा आणतो. देवदूत मेंढपाळांना तारणारा जन्मला असं सांगतो आणि खूण देतो ती राजवाड्याची नाही, गव्हाणीची. बेथलेहेमचा हिब्रू अर्थ ‘भाकरीचं घर’, आणि गव्हाणी म्हणजे जिथे चारा घालतात ती जागा. ज्याने पुढे ‘जीवनाची भाकर मी आहे’ म्हटलं, तो पहिल्या रात्री खाण्याच्या जागी निजला होता. गोठ्यातले बैल आणि गाढव मात्र लूकच्या गोष्टीत नाहीत. ते आले यशयाच्या पहिल्या अध्यायातून, जिथे बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याच्या गव्हाणीला ओळखतं, पण माझे लोक ओळखत नाहीत, अशी देवाची खंत आहे.

आता हेतूविषयी पुढच्या पिढ्या काय म्हणाल्या ते पाहू. चौथ्या शतकात आलेक्सांद्रियाचा धर्मगुरू आरियस शिकवू लागला की पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, तो स्वतः देव नव्हे. इ.स. ३२५ मध्ये निकेया इथे भरलेल्या परिषदेने ते नाकारलं आणि श्रद्धेच्या सूत्रात शब्द घातले की तो आम्हा माणसांसाठी आणि आमच्या तारणासाठी उतरला, देह धारण करून माणूस झाला. तिथल्याच अथानासियस या धर्मगुरूने हा पक्ष आयुष्यभर लढवला. त्याचा मुद्दा मला तरीच्या भाषेत असा दिसतो: बुडणारा बुडणाऱ्याला कसा काढील? ज्याने माणूस घडवला तोच मोडलेला माणूस पुन्हा घडवू शकतो. १०९८ च्या सुमारास धर्मपंडित अ‍ॅन्सेल्मने ‘देव माणूस का झाला’ याच प्रश्नावर ग्रंथ लिहिला. त्याचं उत्तर ऋणाचं आहे. फेडायला हवं माणसाने, फेडण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून एकाच ठायी दोघे हवेत. पुढे डन्स स्कोटस या फ्रान्सिस्कन पंथाच्या विचारवंताने वेगळी दिशा धरली. माणसाने पाप केलं नसतं तरी देव आला असता, कारण त्याला माणसाची संगत हवी होती, असा त्याचा सूर. ऋणाची भाषा कर्जबाजारी माणसाला चटकन पटते हे मी जाणतो, पण गोठ्यापुढे उभं राहिल्यावर मला स्कोटस अधिक जवळचा वाटतो.

तारखेचं थोडक्यात. बायबलमध्ये पंचवीस डिसेंबर नाही. रोममध्ये या दिवशी जन्मोत्सव होत असल्याची सर्वांत जुनी नोंद इ.स. ३३६ ची आहे. गोठ्याची प्रथा त्याहून बरीच नंतरची: असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरी गव्हाणी, गवत आणि जनावरं आणून मध्यरात्रीची मिस्सा घडवली.

त्यानंतर शंभर वर्षंही झाली नव्हती, तेव्हा फ्रान्सिसचेच अनुयायी कोकणात पोचले. १३२१ मध्ये ठाण्याला चार फ्रान्सिस्कन मारले गेले आणि जॉर्डन नावाच्या डॉमिनिकन साधूने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पण किनाऱ्यावर ही कथा खरी रुजली ती पोर्तुगीज काळात. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्या हाती आली. ‘नाताळ’ हा शब्दही त्यांचाच, अर्थ जन्म. इथे एक दुखरी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बळाचा वापर न करता बाळ होऊन आलेल्या देवाची कथा आमच्याकडे तोफा लादलेल्या जहाजांतून उतरली. हिंदूंची देवळं पाडली गेली, १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं. गव्हाणीचा अर्थ ज्यांनी सांगायचा, त्यांच्याच वागण्यात तो हरवला होता. आम्हा ख्रिस्ती माणसांनी हे उघडपणे बोललं पाहिजे.

त्याच काळात त्याच किनाऱ्यावर फादर थॉमस स्टीफन्स होते. येशूसंघ या धर्मगुरूंच्या संघाचे हे इंग्रज सदस्य १५७९ मध्ये गोव्याला आले आणि पुढची चाळीस वर्षं इथेच राहून १६१९ मध्ये वारले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्या जागी काही नव्हतं. स्टीफन्सनी त्यांच्यासाठी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ मध्ये ते गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं, रोमी लिपीत. ओव्या १०,९६२. त्याचे दोन भाग: पहिल्या पुराणात सृष्टी, आदामाचं पतन, अब्राहाम, मोशे, दाविद आणि संदेष्टे, येशूचा जन्म येतो तो दुसऱ्या पुराणात. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, ऐकून झाल्यावरच श्रोता बेथलेहेमला पोचतो. म्हणजे स्टीफन्सनी रिकाम्या गव्हाणीलाच एक तृतीयांशाहून अधिक जागा दिली. आधी माणसाची गरज उभी केली, मग बाळ आणलं. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला, कारण ऐकणाऱ्याच्या मनात तीच उंची आधीपासून होती.

अवताराच्या कल्पनेत वाढलेल्या श्रोत्याला देव खाली येतो हे नवल नव्हतं. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत साधूंच्या रक्षणासाठी आणि दुष्टांच्या नाशासाठी युगायुगात जन्म घेतो. ख्रिस्ती कथा दोन ठिकाणी वेगळी वाट धरते. जन्म एकदाच होतो, आणि धारण केलेला देह पुन्हा टाकून दिला जात नाही. शिवाय तो येतो तो पाप्यांसाठी. मला यात कुठली चढाओढ दिसत नाही, पण हा फरक न समजता नाताळ साजरा केला तर गोष्टीचा गाभा हातातून सुटतो.

१६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, इथले ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी इथेच राहिले, आणि नाताळही राहिला. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी रत्नागिरीतल्या बाणकोटला आले. पुढे रत्नागिरी जिल्ह्यातल्याच करजगावी १८६१ मध्ये जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा काव्य अपुरं होतं. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. स्टीफन्स परदेशातून येऊन मराठी शिकले होते, टिळकांना ती आईच्या दुधाबरोबर मिळाली होती. दोघांनीही ख्रिस्ताची कथा इथल्या काव्याच्या मोठ्या वाटेने नेली.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, लॅटिनची मिस्सा हळूहळू मराठीत आली. निकेयाचे ते शब्द आता आमच्या वाडीतली आजीही पाठ म्हणते. एरवी रविवारी ‘माणूस झाला’ या ठिकाणी आम्ही उभ्याउभ्या मान लववतो. वर्षातल्या दोनच दिवशी तिथे गुडघे टेकायचे असतात: पंचवीस मार्चला, देवदूताने मरियेला निरोप दिला त्या सणाला, आणि नाताळला. चोवीसच्या मध्यरात्री ती ओळ येते, बाकं करकरतात, आणि सगळं देऊळ एकदम खाली बसतं, गव्हाणीच्या उंचीला.