गर्भाशयमुखातील कर्करोगपूर्व विकृती : निदान व उपचार

गर्भाशयमुखाच्या चाळणी तपासणीत (लक्षणे नसताना केलेल्या तपासणीत) दोष आढळणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे. पॅप चाचणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) किंवा एचपीव्ही, म्हणजे मानवी पॅपिलोमा विषाणूची, चाचणी केवळ संशय दाखवते. विकृती खरोखर आहे का आणि ती किती गंभीर आहे, हे कॉल्पोस्कोपी (भिंगातून पाहणी) व बायॉप्सी (ऊतीचा छोटा तुकडा काढून तपासणे) यांनंतरच कळते. या विकृतींच्या मुळाशी बहुतेक वेळा याच विषाणूचा दीर्घकाळ टिकलेला संसर्ग असतो, आणि विषाणूच्या प्रकारांपैकी १६ व १८ हे सर्वाधिक धोक्याचे मानले जातात.

जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ हान्स हिन्सेलमान यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या कॉल्पोस्कोपीत गर्भाशयमुख भिंगातून मोठे करून पाहतात. त्यावर ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल लावले असता सुमारे मिनिटभरात विकृत भाग पांढरा पडतो. त्याची कड किती ठळक आहे आणि रक्तवाहिन्यांची नक्षी कशी आहे, यावरून बायॉप्सीची जागा ठरते. आयोडीन लावल्यास निरोगी पेशी त्यांतील ग्लायकोजेनमुळे गडद तपकिरी होतात, विकृत भाग मात्र पिवळटच राहतो.

बायॉप्सीवरून विकृतीची सीआयएन (गर्भाशयमुखाच्या अस्तरातील कर्करोगपूर्व बदल) १, २ किंवा ३ अशी, सौम्य ते गंभीर, प्रतवारी करतात. सीआयएन १ बहुधा शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच नाहीशी होते, म्हणून तिच्यावर घाईने उपचार करणे सहसा अनाठायी ठरते. याउलट सीआयएन ३ उपचारांविना राहिल्यास ३० वर्षांत सुमारे ३० टक्के स्त्रियांत कर्करोग उद्भवतो. तेथे थांबणे योग्य नाही. खरा पेच सीआयएन २ चा : पुढे मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीत ठराविक अंतराने तपासणी करत वाट पाहता येते, एरवी उपचारच करतात.

उपचारांत विकृत भाग जागीच नष्ट करतात किंवा कापून काढतात. विकृती पूर्ण दिसत असेल, ती गर्भाशयमुखाच्या नलिकेत शिरलेली नसेल आणि कर्करोगाचा संशय नसेल, तरच क्रायोथेरपीने गोठवणे किंवा उष्णतेने जाळणे योग्य, कारण यात पूर्ण ऊतीची तपासणी करता येत नाही. अन्यथा विद्युतप्रवाहित तारेच्या फाशाने रूपांतर-क्षेत्र (गर्भाशयमुखाचा जेथे बहुतेक विकृती उद्भवतात तो भाग) कापतात. ग्रंथिपेशींतील विकृतीत शंकूच्या आकाराचा अधिक खोल तुकडा काढावा लागतो. काढलेला भाग जितका खोल, तितका पुढील गरोदरपणात अकाली प्रसूतीचा धोका अधिक. गरोदरपणात मात्र आक्रमक कर्करोगाचा संशय नसल्यास उपचार प्रसूतीनंतरपर्यंत पुढे ढकलतात.

उपचारानंतर काही आठवडे पाणीदार स्राव होऊ शकतो, आणि जखम भरेपर्यंत साधारण महिनाभर शरीरसंबंध टाळण्यास सांगतात. सर्वाधिक हयगय होते ती पुढच्या तपासण्यांची. सहा महिने ते वर्षभराने एचपीव्ही चाचणी करून विषाणू गेल्याची खात्री करावी लागते, आणि ती नकारार्थी आली तरी सीआयएन २ वा ३ वर उपचार झालेल्या स्त्रीत कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त राहत असल्याने नियमित तपासणी निदान २० ते २५ वर्षे चालू ठेवतात.