निबंध एक, देश तीन, कुलूप कधी उघडायचं?

संशोधन-नियतकालिकांची एकत्रित वर्गणी सरकारने भरायच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि आता सगळं संशोधन सगळ्यांना फुकट, असा अनेकांचा समज झाला. तसं नाही. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची ही वर्गणी सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. सोलापुरात स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला त्यातला संशोधन निबंध अजूनही पैसे मोजूनच मिळणार. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ म्हणत येणारे काढ्यांचे फॉरवर्ड तेवढे कायम फुकट!

ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे निबंध कुणालाही फुकट वाचता येणं, ही वेगळी गोष्ट. त्याचा एक स्वस्त मार्ग असा: पिअर रिव्ह्यू (त्या विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी) झालेला, पण प्रकाशकाची मांडणी व्हायची असलेला मसुदा लेखकाने आपल्या संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात ठेवायचा. घोळ आहे तो एम्बार्गोचा, म्हणजे मसुदा खुला करण्याआधी थांबायच्या मुदतीचा. जर्मन कायदा लेखकाला बारा महिन्यांनी मोकळीक देतो. डच विद्यापीठं सहा महिने थांबतात. संशोधनाला निधी देणाऱ्या ब्रिटनच्या यूकेआरआय या सरकारी संस्थेला एप्रिल २०२२ पासून एक दिवसही थांबणं मंजूर नाही. तिन्ही देशांतल्या लेखकांनी मिळून एकच निबंध लिहिला, तर?

मला यावरची बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाची युक्ती फार आवडते. मसुदा जमा करणं वेगळं आणि तो खुला करणं वेगळं. निबंध स्वीकारला गेला की फाइल लगेच आत. बंद फाइल नुसती साठवण्याला प्रकाशक काय हरकत घेणार? शीर्षक, लेखक, सारांश सगळ्यांना दिसतात. पूर्ण मजकूर हवा असेल तर वाचकाने बटण दाबायचं, लेखकाला ईमेल जातो, त्याने होकार दिला की प्रत वाचकाकडे. एम्बार्गोची तारीख आली की फाइल आपोआप खुली. म्हणजे जमा करण्याचा नियम सगळ्या देशांत एकच ठेवता येतो, फरक उरतो तो फक्त एका तारखेचा. आणि नियम पाळायचा कोणी? लिएजने ठरवलं, बढतीच्या वेळी रिपॉझिटरीत असलेलेच निबंध मोजायचे. मग प्राध्यापकांना आठवण करून द्यावी लागत नाही.

आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांच्या (डीबीटी-डीएसटी) २०१४च्या धोरणातही स्वीकृतीनंतर दोन आठवड्यांत मसुदा जमा करायला सांगितलंय, एम्बार्गोलाही जागा ठेवलीय. आरोग्य-संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेने मात्र १ जुलै २०२५ पासून स्वीकारल्या गेलेल्या मसुद्यांसाठी बारा महिन्यांची जुनी सवलत काढून टाकली. त्यामुळे पुण्यातल्या संशोधकाच्या निबंधात एनआयएचचा पैसा असेल तर तो छापल्या दिवशीच खुला, आणि शेजारच्या टेबलावरचा, निव्वळ भारतीय निधीतला निबंध एम्बार्गो संपेपर्यंत बंद.