कॅसेट चालायची ती फुंकरीने नव्हे

टीव्ही गेमची कॅसेट लागली नाही की काढायची, खालून जोरात फुंकर मारायची, परत खोचायची. गेम सुरू! श्रेय मात्र फुंकरीचं नाही, परत खोचण्याचं.

आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक संच निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम या गेम संचाच्या नकला. त्यांच्या कॅसेटला ६० पिना. एखादी जरी नीट टेकली नाही, तरी पडद्यावर रंगीत चौकड्यांचा कचरा दिसतो. कॅसेट आत-बाहेर करताना पिना घासल्या जातात, वरचा मळ खरवडला जातो आणि जोड जुळतो. फुंकरीतून जाते ती थुंकी. तिच्या ओलाव्याने कालांतराने पिनांवर हिरवट गंज चढतो. निन्टेन्डोनेही फुंकू नका असंच सांगितलं होतं.

खरा उपाय कानकोरणीच्या कापसाच्या बोळ्याचा. तो ९० टक्क्यांवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला करा, निथळता नको. पिनांच्या लांबीच्या दिशेने पुसा. बोळा काळा निघेल. तो स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा, मग दहा मिनिटं वाळवा. सँडपेपर अजिबात नको, मुलामाच निघून जातो.

‘९९९९९९ इन १’ कॅसेटमध्ये तेच मोजके गेम फिरून फिरून यायचे, त्यावर मात्र कुठलाच बोळा चालत नाही.