इंधन वाचवणाऱ्या उपकरणांवरील अविश्वास कुठून आला?

मोटारीला एखादे उपकरण जोडले की तिचे अ‍ॅव्हरेज वाढते, हा दावा नवा नाही. 1930च्या दशकात कॅनडातील विनिपेगच्या चार्ल्स नेल्सन पोग यांनी पेट्रोलची आधी वाफ करून ती इंजिनाला पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरची पेटंटे घेतली आणि गॅलनमागे 200 मैलांच्या बातम्या झळकल्या. तो कार्ब्युरेटर बाजारात कधी रुजला नाही. तेल कंपन्यांनी शोध दडपल्याची कथा मात्र अजून सांगितली जाते. वास्तविक पेटंट घेताना रचना जाहीर करावीच लागते आणि मुदत संपल्यावर ती कोणीही वापरू शकतो, त्यामुळे या कथेत फारसा दम नाही.

1973 मध्ये अरब देशांनी तेलपुरवठा रोखल्यावर अमेरिकेत अशा उपकरणांचे पेव फुटले. 1975च्या ऊर्जा कायद्यानंतर त्यांच्या तपासणीचे काम तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, म्हणजे ईपीएकडे, आले. गाडीची चाके जागच्या जागी फिरतील अशी ती रोलरवर चढवायची, ठरलेल्या क्रमाने वेग कमी-जास्त करायचा आणि उपकरणासह व उपकरणाविना इंधन व धूर मोजायचा, अशी ही पद्धत होती. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेमध्येही गाड्यांचे मायलेज रोलरवरच मोजले जाते. ईपीएने शंभराहून अधिक उपकरणे पारखली. त्यांतील मोजक्यांनीच थोडीफार बचत दाखवली, उदाहरणार्थ वेग वाढवताना एसीचा कॉम्प्रेसर बंद करणाऱ्यांनी, तर काहींमुळे उलट प्रदूषण वाढले.

रोलरची गरज पडली, कारण ग्राहकाचा अनुभव प्रामाणिक असूनही फसवा असू शकतो. पैसे मोजून उपकरण बसवलेला माणूस नकळत जपून गाडी चालवतो, टायरमधील हवाही वेळेवर तपासतो, आणि श्रेय उपकरणाला जाते.

दाव्यांची भाषा इंजिनाबरोबर बदलत गेली. कार्ब्युरेटरच्या काळात जादा हवा सोडणाऱ्या झडपा खपत. इंधन मोजून फवारणारे फ्युएल इंजेक्शन आल्यावर धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधारे इंजिनाचा संगणकच हवा आणि पेट्रोलचे वजनाने 14.7 ला 1 हे प्रमाण राखू लागला. मुळात सुस्थितीतील आधुनिक इंजिनात जवळपास सगळे पेट्रोल जळतेच. नुकसान होते ते उष्णतेचे, आणि पेट्रोल पूर्ण जळावे म्हणून इंधनाच्या नळीवर बसवलेले चुंबक ती उष्णता परत आणू शकत नाही. 2008 मध्ये खनिज तेल पिंपामागे 147 डॉलरवर गेले, तेव्हा पाण्यापासून हायड्रोजन बनवणारी किट जोरात होती. पाण्याच्या विघटनाला लागणारी वीज इंजिनावर फिरणाऱ्या अल्टरनेटरकडून, म्हणजे शेवटी पेट्रोलमधूनच, येते आणि त्या वायूतून मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा कमीच भरते.

अलीकडे गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे बिघाड तपासण्यासाठीच्या जोडणीत, खोचायचा प्लग विकला जातो. तो चालकाची सवय शिकून इंजिनाच्या संगणकात फेरबदल करतो म्हणे. असा एक प्लग उघडून पाहणाऱ्यांना त्यात लुकलुकणारे दिवे आणि साधी चिप आढळली, गाडीच्या संगणकाशी बोलायला लागणारा कॅन ट्रान्सीव्हर हा संदेश पाठवणारा-घेणारा भाग नव्हताच.