कांद्याची बोली आणि रॉबर्ट विल्सन यांचं गणित

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. बार्शी, करमाळा, मोहोळ, शेजारचा धाराशिव जिल्हा, अगदी कर्नाटकातल्या विजयपूर-कलबुर्गीपर्यंतचा माल इथे उतरतो. खरेदीदार गोणीत हात घालतो, दोन-चार कांदे दाबून पाहतो आणि बोली लावतो. वरचे कांदे त्याला दिसतात. आतले किती ओले आहेत आणि गाडी हैदराबादला पोचेपर्यंत किती सडतील, हे मात्र कुणालाच दिसत नाही. या न दिसणाऱ्या भागामुळे बोलीचं काय होतं, हा प्रश्न अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी पन्नासहून अधिक वर्षं धरून ठेवला.

विल्सन १९३७ साली नेब्रास्का राज्यातल्या जिनीव्हा या लहानशा गावात जन्मले. हार्वर्डमध्ये शिकले आणि १९६४ पासून स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवू लागले. समोरचा काय करेल याचा अंदाज बांधून आपण काय करावं, याचं शास्त्र म्हणजे गेम थिअरी. या शास्त्राच्या चौकटीत लिलाव पहिल्यांदा नीट बसवला तो अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी, १९६१ साली. त्यांनी असं धरलं होतं की वस्तू आपल्याला केवढ्याची हे प्रत्येक बोलीदाराला पक्कं ठाऊक असतं. विल्सन यांनी नेमकी उलट बाजू घेतली: मालाची खरी किंमत सगळ्यांना सारखीच, पण ती आधी कुणालाच माहीत नाही. समुद्रतळाच्या तेलक्षेत्रांचे लिलाव असेच होते. कांद्याचाही बराचसा असाच.

समजा, सड-घट वजा जाता एका ढिगाची खरी किंमत क्विंटलला १२०० रुपये आहे. पाच खरेदीदारांचे अंदाज १०००, ११००, १२००, १३०० आणि १४००. सरासरी अगदी बरोबर आली. पण लिलाव सरासरीवर सुटत नाही, सगळ्यांत जास्त अंदाज करणाऱ्याकडे जातो, आणि त्याचाच अंदाज खऱ्या किमतीच्या सर्वांत जास्त वर गेलेला असतो. याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. मुरलेला खरेदीदार हे अनुभवाने जाणतो, म्हणून तो मनातल्या आकड्यापेक्षा मुद्दाम खाली बोलतो. किती खाली बोलणं शहाणपणाचं, हे विल्सन यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत गणिताने मांडलं.

मला यातला शेतकऱ्याच्या बाजूचा अर्थ फार महत्त्वाचा वाटतो. खरेदीदाराच्या मनातली शंका शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, वजा होते. माल उत्तम असला तरी होते, कारण तो उत्तम आहे याची खात्री समोरच्याला नसते.

पुढचं पाऊल विल्सन यांचे विद्यार्थी पॉल मिलग्रॉम यांनी टाकलं. रॉबर्ट वेबर यांच्याबरोबर १९८२ साली त्यांनी दाखवलं की अशा मालाचा लिलाव उघड झाला, तर सरासरीने बंद पाकिटातल्या बोलींपेक्षा विक्रेत्याला कमी मिळत नाही, बहुधा जास्तच मिळतं. इतरांच्या बोली कानावर पडल्या की आपला अंदाज एकट्याचाच भलता नाही ना, हे कळतं. भीती कमी होते आणि माणूस बोली वर चढवतो. विक्रेत्याने मालाची खरी माहिती आधीच उघड केली तरी हाच परिणाम होतो. आपल्याकडे पूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत. बाजार समित्यांनी त्या जागी उघडा लिलाव आणला. त्या बदलाच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद मला माहीत नाही.

याच अभ्यासातून विल्सन आणि मिलग्रॉम यांनी अमेरिकेतल्या रेडिओ लहरी वापरण्याच्या परवान्यांच्या लिलावाची पद्धत घडवली. १९९४ साली ती वापरात आली. २०२० साली दोघांना नोबेल मिळालं. विल्सन यांचे आणखी दोन विद्यार्थी, ॲल्विन रॉथ (२०१२) आणि बेंग्ट होल्मस्ट्रॉम (२०१६), त्यांच्याआधीच नोबेल घेऊन बसले होते. गुरूची पाळी शिष्यांनंतर आली.

अर्थात लिलाव कितीही चोख असला, तरी आवक बेसुमार झाली की भाव पडणारच. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने इथे ५१२ किलो कांदा विकला. भाव किलोला १ रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई जाऊन त्याच्या हातात २ रुपयांचा धनादेश पडला. विल्सन यांच्या समीकरणांकडे या दिवसावर उतारा नाही. खरेदीदारांनी आपसात संगनमत केलं तर तीच समीकरणं कोलमडतात, हेही सांगायला हवं.

मग हाती काय राहतं? जेरेमी बुलो आणि पॉल क्लेम्परर या अर्थशास्त्रज्ञांचा १९९६चा एक निष्कर्ष इथे उपयोगी पडतो: खरी चढाओढ असेल, तर एक जादा बोलीदार आणणं हे किमान भाव हुशारीने ठरवण्यापेक्षाही विक्रेत्याच्या जास्त फायद्याचं असतं. २०१६ साली सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शेतमाल बाजारामागची अपेक्षा हीच, की लांबच्या व्यापाऱ्यानेही बोली लावावी. पण चेन्नईत बसलेला व्यापारी सोलापूरच्या गोणीत हात घालू शकत नाही. त्याच्यासाठी आकार, ओलावा आणि सड यांची तपासणी यार्डातच व्हायला हवी, तीही त्याचा विश्वास बसेल अशी. ती नसेल तर तो बोली खाली ठेवील, किंवा लावणारच नाही.